केशवराव भोसले : एका उंच स्वराची कहाणी

मराठी संगीत नाटकाची गोष्ट निघाली की सांगली, पुणे, मुंबई, कोल्हापूर ही नावे आधी ओठांवर येतात, आणि त्यात गैर असे काहीच नाही. परंतु महाराष्ट्राच्या वेशीबाहेर तीन-चार पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना हीच गोष्ट ऐकताना जरा निराळे काही ऐकू येते. 'संगीत शारदा' हे नाटक पहिल्याने रंगभूमीवर आले ते १८९९ सालच्या जानेवारीत, इंदुरास. ललितकलादर्श नाटक मंडळी स्थापन झाली ती १९०८ सालच्या १ जानेवारीस, हुबळीस. एक गाव माळव्यातले, दुसरे कानडी मुलुखातले. पहिल्या गावी जन्मलेल्या नाटकाने ज्या मुलाला नाव मिळवून दिले, त्याच मुलाने दुसऱ्या गावी, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, स्वतःची मंडळी उभारली. तो मुलगा म्हणजे केशव विठ्ठल भोसले.

केशवरावांवर लिहावे असे मनात येण्यास निमित्त घडले ते मात्र एका परदेशी गायकाचे. मध्यंतरी लुई मारियानो या ऑपेरेटा-गायकाचे चरित्र आमच्या वाचनात आले. ऑपेरेटा हा फ्रान्समधला एक लाडका नाट्यप्रकार. त्यात ऑपेरासारखे सारेच गाऊन सांगायचे नसते. पात्रे बोलतात, हसवतात, आणि भावना दाटली की गातात. १८५५ साली ऑफेनबाख या संगीतकाराने पॅरिसमध्ये अशा खेळांसाठी लहानसे नाट्यगृह उघडले आणि शहराला वेड लावले. मारियानो हा अलीकडचा, १९१४ साली जन्मलेला, आणि खरे म्हणजे तो फ्रेंच नव्हेच. स्पेनच्या टोकाला बिदासोआ नदीकाठी इरून नावाचे गाव आहे, तेथला तो बास्क मुलगा. स्पेनमधील यादवीच्या दिवसांत घरच्यांबरोबर नदीपल्याड फ्रान्समध्ये आला, बोर्दो येथे गाणे शिकला, आणि १९४५ च्या अखेरीस 'कादिसची सुंदरी' या अर्थाच्या नावाच्या ऑपेरेटाने पॅरिसचा लाडका झाला. १९७० साली तो वारला तेव्हा, परक्या भाषेतला हा गायक फ्रेंचांनी आपला म्हणूनच हळहळला. नदीपल्याडची भाषा, नदीअल्याडचे घर, ही अवस्था आदिलाबादच्या मराठी माणसास समजावून द्यावी लागत नाही. आमच्याकडे बिदासोआच्या जागी पैनगंगा आहे, इतकेच.

मारियानोचा आवाज 'टेनर' जातीचा. टेनर म्हणजे पुरुषाच्या स्वाभाविक आवाजातला सर्वांत उंच पल्ला. ऑपेरेटातला नायक बहुधा याच आवाजाचा असतो. आमच्या संगीत नाटकात असा नायक कोण, असा प्रश्न मनाशी करताच आमच्यापुढे केशवरावच उभे राहिले.

येथे एक गमतीची गोष्ट सांगून टाकतो. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा खेळ पाहिला आणि मराठीत असे काही करून दाखवावे या ईर्षेने त्याच वर्षी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, हे सर्वश्रुत आहे. ही मूळची 'इंद्रसभा' लखनौच्या अमानतची, आणि ती वाजिदअली शाहाच्या दरबारातील कुणा फ्रेंच माणसाच्या सांगण्यावरून ऑपेराच्या धर्तीवर रचली गेली अशी एक आख्यायिका पूर्वी मोठ्या विश्वासाने सांगितली जात असे. उर्दूच्या अभ्यासकांनी ती पुढे खोडून काढली. आख्यायिका खोटी निघाली याचे आम्हांस मुळीच दुःख नाही. बोलता बोलता गाणे ही काही पॅरिसची मिरासदारी नव्हे. आमचे कीर्तनकार शतकानुशतके दुसरे काय करीत आले?

केशवरावांचा जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९० चा. वडिलांचे छत्र लवकर हरपले, आणि अगदी अजाण वयात हा मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. त्या काळी नाटक मंडळीत मुलगा देणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकांस थोडे उलगडून सांगितले पाहिजे. मंडळीचे बिऱ्हाड आज एका गावी तर दोन महिन्यांनी दुसऱ्या. मुलगा तेथेच जेवतो, तेथेच झोपतो, पहाटे उठून गळा तयार करतो, दुपारी तालमी, रात्री खेळ. खेळ रात्री उशिरा सुरू व्हायचा आणि उजाडेपर्यंत चालायचा. शाळेचे नाव नाही. शिक्षक म्हणून आमचा जीव या ठिकाणी अडखळतो. कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या जिल्ह्यात हजेरीपटावर जी कोरी घरे दिसू लागतात, ती पाहून निम्मे आयुष्य गेले. मूल कामास लागले या बातमीत आम्हांस कौतुकाचे काही दिसत नाही. तथापि हेही खरे की त्या बिऱ्हाडात गळ्याचे जे शिक्षण मिळे ते कोणत्याही विद्यालयात मिळण्यासारखे नव्हते. केशवरावांना अक्षरांची शाळा फारशी लाभली नाही. स्वरांची शाळा मात्र त्यांनी कधी चुकवली नाही.

दहा-बारा वर्षांच्या या पोराला देवलांच्या नाटकातली शारदा मिळाली आणि त्याचे नाव गावोगाव झाले. शारदा ही लोभी बापाने पैशासाठी म्हाताऱ्याला देऊ केलेली कोवळी मुलगी. आजवर पुष्कळ थोर नटांनी स्त्रीभूमिका केल्या, परंतु तेथे बहुधा तरुण पुरुष तरुण स्त्रीचे सोंग घेई. येथे मुलगी म्हणून उभे राहणारे मूल खरोखरच मूल होते. भीतीने आणि संतापाने चिरत जाणारा तो बाळस्वर ऐकताना समोरच्या कितीतरी आयाबायांना स्वतःचेच लग्न आठवले असेल. (१९२९ च्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात, त्यामुळे तो या नाटकावरून पडलेला शब्द असे आमच्या भागातले कित्येक सुशिक्षितही सांगतात. ते नाव कायदा मांडणाऱ्या हरविलास सारडा यांच्यावरून पडले. नाटक त्याआधी ३० वर्षांचे. चूक आहे, पण मोठी अर्थपूर्ण चूक आहे.)

पुढे १९०८ उजाडले. सतराव्या वर्षी मंडळी काढणे हा आजच्या दृष्टीने पोरखेळ वाटेल. मंडळीच्या धन्याला गाता येऊन भागत नसे. शे-पन्नास माणसांची जेवणे, नटांच्या नेमणुका, सामानाच्या बैलगाड्या आणि आगगाडीचे वाघीण-भाडे, गावोगावच्या थिएटरमालकांशी घासाघीस, आणि पाऊस लागला की रिकामे प्रेक्षागार. हे सारे त्या मुलाने, भावाबंदांच्या आणि सोबत्यांच्या साहाय्याने का होईना, अंगावर घेतले. तेही मराठी ही जेथे बाजाराची पहिली भाषा नव्हे अशा गावी. हुबळी-धारवाड-गदग या पट्ट्यात मराठी मंडळ्या इतक्या लोकप्रिय होत्या की कानडी रंगभूमीच्या उभारणीची ईर्षा तेथील कवींना त्यांच्यावरूनच मिळाली. शांतकवींनी कानडी मंडळी काढली ती याच चुरशीतून. आणि पुढे त्याच कानडी मुलुखाने हिंदुस्थानी संगीताला केवढे गळे दिले हे सांगावयास नको. परक्या भाषेचा शेजार हा नेहमी नुकसानीचाच असतो असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाहावा.

ललितकलादर्शने सुरुवातीस 'सौभद्र', 'मृच्छकटिक', 'शारदा' अशी जुनी, हमखास गर्दी खेचणारी नाटके केली. मग वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आले. त्यातली केशवरावांची मृणालिनी जुन्या लेखकांच्या आठवणींत वारंवार भेटते. यानंतरची त्यांची पाऊले आम्हांस विशेष मोलाची वाटतात. मामा वरेरकरांसारख्या तेव्हा नवख्या नाटककाराचे त्यांनी 'हाच मुलाचा बाप' घेतले. विषय हुंड्याचा. मग 'संन्याशाचा संसार' घेतले, त्यात धर्मांतराचा प्रश्न. राजेराण्यांच्या, पुराणांच्या पदांना सरावलेल्या प्रेक्षकांपुढे चालू काळाचे दुखणे गाऊन दाखवणे हे व्यापारी दृष्टीने धाडसच होते. चालींसाठी ग्वाल्हेर घराण्याचे रामकृष्णबुवा वझे यांच्यासारखा करडा गवई त्यांनी जोडला, आणि नुसत्या चाली न घेता त्यांच्यापाशी शिष्य म्हणून बसले. नाव झालेला, मंडळीचा धनी असलेला माणूस पुन्हा सा लावायला बसतो, ही गोष्ट आम्ही वर्गात पुष्कळदा सांगतो. मुले ऐकतात, शिक्षकांच्या खोलीत सांगितली तर मात्र विषय बदलतो.

आता आवाजाविषयी. ध्वनिवर्धक नसलेला तो काळ. शेकडो माणसांचे प्रेक्षागार, मागे बसलेल्यांचे विडी-पान, मधूनच रडणारी मुले, आणि किटसनच्या दिव्यांची फुरफुर. या सगळ्यांवरून स्वर मागच्या भिंतीपर्यंत न्यायचा तर तो वरच्या पट्टीतच असावा लागे. म्हणून मंडळ्यांना उंच, धारदार गळ्यांची भूक असे. मुलाचा गळा ही भूक सहज भागवतो. परंतु तेरा-चौदाव्या वर्षी कंठ फुटतो, आणि ज्या स्वरावर सारे वैभव उभे ते एका हंगामात नाहीसे होते. युरोपात चर्चमधून गाणाऱ्या मुलांच्या वाट्यालाही हेच येते. ज्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत अशी कितीतरी बाळनटमंडळी या वळणावर गळून पडली आणि मंडळीतच सामान बांधण्याच्या, पडदे ओढण्याच्या कामाला लागली.

हा भाग आम्ही ग्रंथांतून नव्हे, एका विद्यार्थ्यामुळे नीट समजून घेतला. आमच्या शाळेतील मराठी माध्यमाच्या वर्गांत मुले थोडी. एका स्नेहसंमेलनात आम्ही 'शारदे'तला एक प्रवेश बसवला होता. सातवीतल्या एका मुलाचा गळा असा काही उंच आणि निर्मळ होता की मुली असूनही सर्वांनी एकमताने शारदा त्यालाच दिली. प्रेक्षकांत मराठी घरे होती तशी तेलुगू आणि उर्दू बोलणारीही होती, पाड्यांवरून आलेली गोंड मंडळीही होती. पदाचे शब्द निम्म्यांना कळले नसतील. तरी पद संपल्यावर बराच वेळ कुणी टाळी वाजवली नाही, आणि टाळीपेक्षा ती शांतता आम्हांस अधिक आवडली. दोन वर्षांनी, नववीत, तो मुलगा प्रार्थनेच्या रांगेत ओठ मिटून उभा राहू लागला. आम्ही त्याला एकदा मधल्या सुट्टीत बोलावून घेतले.

"काय रे, गात का नाहीस?"

"सर, आवाज गेला."

"गेला नाही, बदलला. सगळ्यांचाच बदलतो."

तो काही वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही ते केशवराव सांगितले होते ना, शारदा करणारे. त्यांचाही फुटला असेल मग. त्यांनी काय केलं?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही त्याला जे ठाऊक होते ते सांगितले. शारदा करणाऱ्या पोराचा गळा काही जन्मभर पोराचा राहणार नव्हता. तरीही त्यांनी पुढे कित्येक वर्षे स्त्रीभूमिका केल्या, म्हणजे मोठ्या झालेल्या गळ्यातूनही तो उंच पल्ला त्यांनी मेहनतीने पुन्हा मिळवला. आणि त्यानंतर, गाजत असतानाच, ते पुरुषभूमिकांकडे वळले. त्यांच्या आधी भाऊराव कोल्हटकरही सुभद्रेसारख्या भूमिका गाजवून असेच वळले होते. उलट बालगंधर्वांनी उतारवयापर्यंत स्त्रीवेष सोडला नाही. दोन्ही वाटा खऱ्या. परंतु नव्या गळ्याला नवी भूमिका शोधून देणारी वाट आमच्या विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगाची होती. मग आम्ही त्याला संगीताच्या खोलीत नेले, पेटीवर सा तीन पट्ट्या खाली धरला आणि म्हणालो, "येथून लाव पाहू." लागला तो घोगराच लागला. पण लागला.

पुरुषभूमिकेतल्या केशवरावांचा कळस म्हणजे 'संयुक्त मानापमान'. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभा राहिला होता. त्याच्या मदतीसाठी ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन मंडळ्यांनी एकत्र येऊन खाडिलकरांचे 'मानापमान' करावे असे ठरले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात तो खेळ झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. या दोन मंडळ्या म्हणजे उभा दावा. एकाचे भक्त दुसऱ्याच्या खेळाला पाऊल ठेवीत नसत. चहाच्या दुकानांतून भांडणे होत. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ, मुरकत जाणारे. केशवरावांचे तेजस्वी, वरच्या सप्तकात सरळ झेपावणारे. नाटकही कसे निवडले पाहा : श्रीमंत भामिनी गरीब सेनापतीचा पाणउतारा करते आणि मग त्याच्या गुणांवर भाळून वेष पालटून त्याच्यामागे जाते. मानी पुरुषाचे ते काम केशवरावांच्या गळ्याला जणू बेतून शिवले होते. त्या रात्री सरस कोण ठरले याचा वाद म्हातारी माणसे पुढे पन्नास वर्षे घालीत राहिली. आमच्या आजोबांचे एक स्नेही नांदेडहून आले म्हणजे हा विषय निघेच, आणि दोघांपैकी एकानेही तो खेळ पाहिलेला नसताना जेवणे गार होत.

आमच्या मते हा वादच फोल. कोणी जिंकले यापेक्षा, जन्मभर चुरस केलेले दोघे एकमेकांच्या सुरात सूर मिळवून गायले हे मोठे. आणि दैव असे की तो योग फार काळ टिकावयाचा नव्हता. त्या खेळानंतर ८८ दिवसांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. वय ३१. ज्या वयात आमच्याकडे मुले नोकरीत कायम होण्याची वाट पाहत असतात, त्या वयात हा माणूस चौदा वर्षे मंडळी चालवून, एका नव्या नाटककाराला उभे करून, दोन तऱ्हांचे गाणे गाऊन निघून गेला.

त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले आज कुणी उरलेले नाही. मंडळी मात्र उरली. बापूराव पेंढारकरांनी तिची धुरा उचलली आणि १९३७ साली निधन होईपर्यंत वाहिली. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ललितकलादर्श पुन्हा उभी केली, 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' अशी नाटके गाजवली. या भालचंद्रांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२१ चा, म्हणजे केशवराव गेल्यानंतर ५२ दिवसांनी झालेला, आणि तो हैदराबादेत. निजामाच्या राजधानीत जन्मलेल्या मुलाने हुबळीस निघालेली मंडळी मुंबईत जगवली! आमच्या जिल्ह्याचे नाव तेव्हा त्याच निजामाच्या दप्तरी होते. पुढे १९५६ साली रेषा आखल्या गेल्या, राजुरा पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. २०१४ साली राज्याचे नाव बदलले, २०१६ साली जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. या साऱ्या उलाढालीत घरातले संगीत नाटक कुणी मागून नेले नाही. भालचंद्रपंतांनी आणखी एक काम केले ज्याची थोरवी पुरेशी गायिली गेली नाही : त्यांनी जुन्या-नव्या नाटकांचे प्रयोग ध्वनिफितींवर उतरवून ठेवले. एका उमद्या आवाजाच्या जाण्याने पोरकी झालेली मंडळी, आणि तिच्या धन्याला पुढे आवाज साठवण्याचाच ध्यास लागावा, यात आम्हांस काही निव्वळ योगायोग दिसत नाही. ते २०१५ साली वारले.

कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पुरे केलेले पॅलेस थिएटर पुढे केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शारदा केलेला तो आमचा विद्यार्थी त्या वेळी नोकरीनिमित्त कोल्हापुरास होता. त्याने पहाटे आम्हांस दोन छायाचित्रे धाडली : एकात ज्वाळा, दुसऱ्यात काळवंडलेल्या दगडी भिंतींसमोर जमलेली माणसे, कुणी नुसतीच उभी, कुणी डोळे पुसणारी. खाली त्याने लिहिले होते, "सर, मीही येथेच उभा आहे. जयंतीसाठी थांबतो, मग कामावर जातो."